विहारची सवाष्ण

१

पाणी यायच्या आधी आमचा नळ खोकायचा. आधी एक कोरडी ढास, मग गुरगुर, मग तांबूस पिचकारी आणि शेवटी करंगळीएवढी धार. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगीत सगळ्यांचा दिवस त्या खोकल्याने उजाडायचा. सत्त्याऐंशी साली पावसाने पाठ फिरवली आणि पुढच्या उन्हाळ्यात तो खोकलाही बंद पडला. नळ उघडला की नुसती हवा. आमच्या नळाला पाणी देणाऱ्या विहार तलावाचा भेगाळलेला तळ पेपरात छापून आला, तेव्हा आमच्या सासूबाई, राधाबाई, तो फोटो कितीतरी वेळ बघत बसल्या. म्हणाल्या, बाईमाणसाला असं उघडं दाखवू नये. मी शाळेत विज्ञान शिकवते. मी म्हटलं, आई, तो तलाव आहे. त्यांनी पेपराची घडी केली आणि उशीखाली ठेवली.

मग टँकर सुरू झाले, आणि टँकर म्हटलं की शेवंतीकाकू. आमच्या समोरच्याच दारात राहायच्या. मालवणकडच्या, पन्नाशीच्या, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. संपात गिरणी गेली तशी लालबागची खोली विकून त्या आणि दत्तारामकाका इकडे आले. काका विहारच्या काठाजवळ एका रोपवाटिकेत रखवालीला होते. टँकर दिसला की काकू पदर खोचून त्याच्या पायरीवर चढायच्या आणि तिथून राज्य करायच्या. आजाऱ्याचं घर आधी, तान्हं मूल असलेलं घर त्याच्यानंतर, आणि मोठ्या आवाजाची माणसं सगळ्यात शेवटी. ड्रायव्हर पाइप आवरायला लागला की त्याच्याशी अशी घासाघीस करायच्या, की तो वैतागून आणखी दोन हंडे सोडायचा. मी वर्गात दंगेखोर पोरं आवरते, पण त्या पायरीवर माझं धाडस झालं नसतं. काय बाई होती ती! मला त्यांचं इतकं कौतुक वाटायचं की मी घागर विसरून बघत राहायची.

मे महिन्यात माझ्या जयाला कावीळ झाली. सहा वर्षांची पोर, हळदीसारखी पिवळी. डॉक्टर म्हणाले, पाणी उकळून द्या, भरपूर द्या. पाणी होतं कुठे? काकू आपला हंडा आमच्या दारात ठेवून जायच्या आणि विचारलं की म्हणायच्या, आम्ही दोघं म्हातारी माणसं, आमका कित्याक होया एवढा? त्याच दिवसांत सासूबाईंनी नवस केला. देवाला नाही, विहारला. पोर उठू दे, तुझं पोट भरू दे, श्रावणात तुला सवाष्ण म्हणून जेवायला घालीन. मी ऐकलं. पोर पिवळी पडलेली असताना विज्ञान कोण काढतंय?

२

जया उठली. पाऊसही आला, आणि आला तो असा आला की मागची सगळी बाकी फेडूनच थांबला. टँकर बंद झाले. नळाची वेळ वाढत गेली, आधी पहाटेचा तास, मग संध्याकाळचाही. पाणी इतकं स्वच्छ की पितळेच्या पिंपाचा तळ दिसायचा. दत्तारामकाका ड्यूटीवरून आले की तलावाचं वर्णन करायचे. पायऱ्या गेल्या, झाडाची मुळं गेली, आता काठावर उभं राहिलं की छाती भरते. आम्ही सगळे ऐकत बसायचो. एवढं मोठं काहीतरी पुन्हा जागच्या जागी आलं, याचा आनंद काय असतो ते कोरड्या नळाखाली वर्ष काढलेल्यालाच कळेल.

विहार भरून वाहू लागल्याची बातमी आली आणि सासूबाईंनी नवसाची आठवण काढली. श्रावणातला शुक्रवार, जिवतीची पूजा, त्या दिवशी घरोघर सवाष्ण हवी असते. आमच्याकडे पूर्वी ती आपल्यातलीच लागायची. दुष्काळाने ते खूळ उतरवलं आणि सासूबाईंनी स्वतः जाऊन शेवंतीकाकूंना सांगितलं. पण दुसरा पाट विहारचा. नुसत्या मनातल्या मनात बोलावून चालणार नव्हतं, रीतसर अक्षत द्यायला हवी होती. त्यांनी न मोडलेले तांदूळ निवडले, कुंकवात घोळवले आणि पुडी दत्तारामकाकांकडे दिली.

काकांनीही ती दोन्ही हातांनी घेतली. दुसऱ्या दिवशी सांगितलं, काठावर बसून सोडली, आणि शुक्रवारी मुलुंडला जेवायला ये म्हणून पत्ता पण सांगितला. मधुकर, माझा नवरा, हसून हसून बेजार झाला. पिनकोड सांगितलात ना, म्हणाला. काका हसले नाहीत.

३

पावसाळ्यात नळाला फडकं बांधायची आमची सगळ्यांचीच पद्धत. गाळ, शेवाळ, कधी एखादी अळी, काय अडकेल सांगता येत नाही. गुरुवारी सकाळी मी फडकं बदलायला सोडलं आणि त्यात तांदळाचे दाणे होते. लाल. एकही मोडलेला नव्हता.

पहिला संशय सासूबाईंवर. मग जयावर. पण दाणे फडक्याच्या आतल्या बाजूला होते, म्हणजे नळाच्या तोंडातूनच आले होते. स्वयंपाकघरातला आमचा नळ थेट रस्त्यावरच्या पाइपवर, गच्चीच्या टाकीशी त्याचा संबंध नाही. तलाव, मग शुद्धीकरण, मग मैलोगणती पाइप. एवढ्यातून तांदूळ जात नाही. आणि गेलाच, तर कुंकू राहत नाही.

मधुकर म्हणाला, कुठेतरी पाइप फुटला असणार, शेजारी कुणाची पूजा असणार, त्यात काय. मला ते पटलं. पटायलाच हवं होतं. मी नवीन फडकं दुहेरी करून बांधलं, गाठ मारली, आणि शाळेत निघून गेले. संध्याकाळी गाठ जशीच्या तशी होती आणि आत पुन्हा चिमूटभर दाणे. मी ते धुवायला गेले तर रंग उतरेना.

सासूबाईंनी दाणे तळहातावर घेतले. चेहरा असा उजळला की बस. "येते म्हणतेय," त्या म्हणाल्या आणि पुरणासाठी डाळ मोजायला गेल्या.

४

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली. मधुकर ऑफिसात. भर दुपार, बाहेर चांगलं ऊन पडलेलं. सासूबाईंनी दोन पाट मांडले, दोन पानं, भोवती रांगोळी. एका पाटावर शेवंतीकाकू बसायच्या होत्या, दुसऱ्यावर काहीच नव्हतं. मला मनातून हसू येत होतं आणि पुरणाचा वास छान सुटला होता.

सवाष्णीचे पाय धुवायचे म्हणून मी मोरीशी कोमट पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिले. काकूंचे धुतले. सासूबाई म्हणाल्या, आता त्यांचेही धू. मी रीत म्हणून रिकाम्या फरशीवर धार धरली.

धार फरशीवर पडली नाही. फरशीच्या वीतभर वर ती फुटली, दोन्ही बाजूंना वळली आणि मग खाली ओघळली. पाय धुताना पावलावरून पाणी ओघळतं ना, अगदी तशी. क्षणभरच. माझा हात हलला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. हात हलला तर धार हलते, फुटत नाही, हेही मलाच ठाऊक होतं.

"बसा," सासूबाई म्हणाल्या.

आमची ती खोली म्हणजे केवढी, चार माणसं बसली की पंख्याला जागा नाही. त्या खोलीत सासूबाईंचा आवाज परत यायला वेळ लागला. समोरची भिंत जिथे होती तिथेच होती, जिवतीचा कागद तिच्यावर चिकटवलेला होता, पण आवाज मात्र कुठेतरी लांब जाऊन, पाण्यावरून फिरून यावा तसा आला. गारवा आला. उन्हाने तडकलेल्या मातीवर पाणी साचलं की येतो तो वास आला. मला भीती वाटली, पण खरं सांगते, आधी वाटला तो अचंबा. भरलेल्या तलावाच्या काठावर छाती भरते असं काका म्हणायचे, तशी माझी त्या खोलीत भरली. मी तूप वाढायचं विसरून उभी होते.

पाण्याची वेळ नव्हती, तरी नळ न खोकता सुरू झाला. सावकाश, एकसारखा.

५

जेवण चाललं होतं. काकू खाली मान घालून जेवत होत्या, नेहमीची बडबड नाही. दुसऱ्या पानाकडे मी बघत नव्हते. बघितलं तेव्हा जया तिकडे जाऊन बसली होती, रिकाम्या पाटाला लागून. बसली म्हणजे रेलून बसली होती. पोर आजीच्या मांडीवर अंग सोडून रेलते तशी. तिच्या पाठीशी काहीही नव्हतं, आणि ती पडत नव्हती.

"आई, ही म्हणते तिच्याकडे खूप जागा आहे," जया म्हणाली. "आमच्याकडे पाठवा म्हणते."

आता आपल्याकडे पाहुणी असं म्हणाली की आपण काय म्हणतो? विचार करून कुणी म्हणत नाही, तोंडातून आपोआप जातं. सासूबाईंनी आयुष्यभर पाहुण्यांची उठबस केलेली. त्या पोळी वाढता वाढता हसून म्हणाल्या, "पाठवू की. तुमचीच आहे ती."

नळ एकदम सुटला. इतक्या जोराने आमच्या नळाला कधीच पाणी आलं नव्हतं. बादली भरून वाहायला लागली, मोरीतून पाणी खोलीत आलं, आणि जया उठून उभी राहिली, कुणीतरी हाताला धरून उठवावं तशी. एक हात वर, मूठ मिटलेली. सासूबाईंच्या हातातलं ताट पडलं. आपण काय बोलून बसलो ते त्यांना तेव्हा कळलं.

शेवंतीकाकूंनी हातातला घास पानात ठेवला. भरल्या पानावरून त्या कधी उठत नसत, तेव्हाही उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून शेजारच्या पाटाकडे वळल्या आणि टँकरवाल्याशी बोलायच्या त्याच आवाजात बोलल्या.

"आयक गो बाये. ह्या चेडू, जया, नाय मिळाचा. म्हातारी तोंडाक इला ता बोलली, तेका काय अर्थ नाय."

नळाचा आवाज कमी झाला नाही. जया दाराकडे एक पाऊल सरकली.

"तुका रिकाम्या हातान जावचा नाय, ता माका कळता," काकू म्हणाल्या. "मगे मी येतंय. पण आज नाय. गणपती तोंडार इलेत. गणपती झाल्याबिगर मी खंय जावचंय नाय, आणि माका कोण नेवचा पण नाय. गावाक जातंय, गौरी-गणपती करतंय, मगे येतंय. होया तर होय म्हण. नाय तर जेवण झाला, चालाक लाग."

एवढी अफाट गोष्ट आमच्या खोलीत येऊन बसली होती, आणि ही बाई तिच्याशी भाव करत होती, गणपतीची सबब सांगून!

जयाचा वर धरलेला हात खाली आला. नळ बारीक होत होत थांबला. सासूबाईंना ओटी भरता येत नव्हती, त्या विधवा, म्हणून मी भरली. आधी पाटावर खण-नारळ ठेवला, मग काकूंच्या पदरात कोरडे तांदूळ घातले. काकूंनी पदर उघडून मला दाखवला. त्यातले तांदूळ ओले होते, आणि मी घातले त्याहून पुष्कळ जास्त होते.

जयाच्या फ्रॉकची पाठ भिजून चिंब झाली होती. मी तिला पोटाशी धरलं आणि ओक्साबोक्शी रडले.

६

संध्याकाळी मधुकरला सांगितलं. त्याने नळ तपासला, मोरी तपासली, जयाच्या अंगात ताप आहे का बघितलं. दाब वाढला असेल, म्हणाला, तलाव भरलाय ना. पण त्या दिवसापासून तो जयाला मोरीत एकटं जाऊ देईना.

काकू गणपतीला गावी निघाल्या तेव्हा मी त्यांच्या मागेच लागले. म्हटलं, काकू, परत येऊच नका. काकांना म्हणावं नोकरी सोडा, गावी घर आहे, नारळ आहेत, तिकडेच राहा. काय करणार आहे ती? तिकडे काय तिचा पाइप पोचत नाही. काकू बॅग भरत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि जयाकडे बोट दाखवलं.

"आणि हिका?" त्या म्हणाल्या.

मीच विषय काढला आणि मीच त्यांच्या बॅगेची चेन ओढली. काकूंना स्वतःचं मूल नव्हतं, हे सांगायचं राहिलं. दत्तारामकाकांना त्यांनी सगळं सांगितलं होतं. ते काय म्हणाले ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. एसटीला निघताना काका पुढे होते आणि सारखे मागे वळून त्यांच्याकडे बघत होते.

गणपती गेले. गौरी गेल्या. लोक गावाहून परतायला लागले, बिल्डिंगीत खाजं वाटून झालं. समोरच्या दाराला कुलूपच. मला सुटल्यासारखं वाटलं आणि धास्तीही वाटली, दोन्ही एकदम. मग एका सकाळी जया मोरीच्या उंबऱ्याशी उभी दिसली, आत न जाता, कान देऊन. "ती विचारते, काकू आल्या का?" म्हणाली. तिची पाठ ओली होती.

मी देवाजवळ काय मागितलं असेल त्या दिवशी? काकू परत येवोत, असंच मागितलं. आई झालेल्या बाईला विचारा, तीही हेच मागेल.

आणि त्या आल्या. कुणी बांधून आणलं नव्हतं. तिकडे माहेरची माणसं होती, भरलेलं अंगण होतं, चार दिवस राहा म्हणणाऱ्या भावजया होत्या. तरी त्या रात्रभर एसटीत बसून, गुडघे चोळत, मुलुंडला परत आल्या. जयासाठी खाजं आणलं होतं, सासूबाईंसाठी उकडे तांदूळ. मी दारातच त्यांचे पाय धरले. त्या खेकसल्या, उठ गो, गुडघ्यांका लागता.

इतकं मोठं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

७

दोन दिवसांनी, चारच्या सुमाराला, त्यांनी आमची कडी वाजवली. हिरवी साडी, ठसठशीत कुंकू, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. काका ड्यूटीवर होते. मुद्दाम ती वेळ निवडली असणार. सासूबाई आतल्या खोलीत होत्या. त्या शुक्रवारपासून त्या फारशा बोलत नसत. काकू आत जाऊन त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून आल्या. मग किल्ली माझ्या हातात दिली. ह्यांका भात झाकून ठेवलंय, म्हणाल्या, इले की गरम करून दी, थंड भात ते जेवणत नाय.

मी म्हटलं, काकू, थांबा ना, मधुकर येऊ दे, आपण कुणालातरी बोलावू, काहीतरी करू. माझा आवाज जिन्यात लांब गेला आणि पाण्यावरून आल्यासारखा परत आला.

"येतंय हां," काकू म्हणाल्या. आपण जाताना म्हणतो तसंच.

त्या जिना उतरायला लागल्या. कठडा धरून, एकेक पायरी, आडवं पाऊल टाकत. त्यांचं पाऊल पडायच्या आधी, त्यांच्या पुढची पायरी भिजून काळी होत होती. मग त्याच्या पुढची. जिन्याच्या भिंतीवर उजेड हलत होता, उन्हात पाणी ठेवलं की छतावर हलतो तसा, आणि त्या उजेडात क्षणभर मला एक पदर दिसला, हिरवाच, पण त्याला शेवट नव्हता. चेहरा दिसला नाही. मी बघितलाही नसता.

"सावकाश गो," काकू कुणालातरी दटावत होत्या. "तुका गुडघे नाय म्हणान काय झाला?"

मागून जया धावत आली. "मला पण! आई, मला पण जायचंय!" तिने उंबरठा ओलांडला आणि मी तिला पकडलं. सहा वर्षांची, आजारातून उठलेली पोर, पण तिचा जोर मला आवरेना. मी गुडघ्यांवर बसले, दोन्ही हातांनी तिला कवळलं, पाठ चौकटीला लावली.

काकूंनी जिन्याच्या वळणावरून वर बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे. नीट बघितलं, गाठ पक्की आहे ना बघावं तसं.

"तशीच धर," त्या म्हणाल्या.

मला ओरडता आलं असतं. अख्खी बिल्डिंग गोळा करता आली असती. धावत जाऊन त्यांचा पदर धरायला किती वेळ लागला असता? पण त्यासाठी एक हात मोकळा करावा लागला असता. मी तशीच बसून राहिले. काकूंची बडबड खालच्या मजल्यावरून ऐकू येत होती, मग फाटकापाशी, मग ऐकू येईनाशी झाली, आणि माझे दोन्ही हात जयाभोवती होते.